केंद्रकातली घडीमोड: कॉलेजच्या मायक्रोस्कोपमधून क्रोमॅटिन पाहायची रीत

“मॅडम, ह्या पेशीत काहीच नाहीये. पुढं सरकू?”

साताऱ्यात बीएस्सीच्या वनस्पतिशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेताना हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की आता बाकावरून नुसतं ‘मॅडम’ ऐकू आलं तरी पुढचं कळतं. पोरं कांद्याच्या मुळाची स्लाइड लावतात आणि मेटाफेज, म्हणजे पेशीविभाजनात आवळलेली गुणसूत्रं मध्यावर रांगेत आलेली अवस्था, शोधत सुटतात. जर्नलात काढायला एक झकास मेटाफेज आणि एक ॲनाफेज (गुणसूत्रं दोन टोकांकडं ओढली जातानाची अवस्था) मिळाला, की मायक्रोस्कोपचा दिवा बंद. मधल्या शेकडो पेशींत नुसता गुलाबी, रवाळ गोळा दिसतो. त्या सगळ्या ‘काहीच नाही’ या खात्यात जमा.

तो रवाळ गोळा म्हणजे पेशीचं केंद्रक, आणि त्यातला डीएनए आणि प्रथिनांचा पसारा म्हणजे क्रोमॅटिन. तिथंच पेशीचा संसार चाललेला असतो. ठसठशीत मेटाफेज म्हणजे प्रवासासाठी बांधलेली वळकटी. ती ओळखायला सोपी, मोजायला सोपी, पण तेवढा वेळ घरातली कामं जवळजवळ बंद असतात. म्हणून या लेखात मी वळकटी कशी बांधली जाते हे दाखवणार आहेच, पण जास्त वेळ अंथरलेल्या अंथरुणाकडं बघण्यात घालवणार आहे. तीन स्लाइडी करायच्या: कांद्याचं मूळ, कोंबडीचं रक्त आणि पाण्यातली लाल अळी. कॉलेजचा साधा कंपाउंड मायक्रोस्कोप पुरतो. ४५ची लेन्स हवीच. १००ची ऑइल इमर्शन असेल तर सोन्याहून पिवळं.

आधी लोणंदचा तळ आठवा

माउलींची पालखी नीरा ओलांडून आपल्या जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्काम करते. तो तळ ज्यांनी पाहिलाय त्यांना केंद्रक समजावणं मला सोपं जातं. एवढा जनसागर, पण पसाऱ्याला शिस्त असते. प्रत्येक दिंडीला क्रमांक, तिच्या तंबूंना जागा, मधून टँकरला आणि माणसांना वाट. भिंत कुठंच नाही, तरी एका दिंडीची पंगत दुसरीच्या तंबूत बसत नाही. मग निघायची वेळ होते, तंबू उतरतात, दोर गुंडाळले जातात, भांडीकुंडी ट्रकवर चढतात. त्या वेळी कुणाकडं पिठलं-भाकरी मागितली तर मिळायची नाही, कारण चूलच बांधून ठेवलेली असते.

इंटरफेजमधलं, म्हणजे दोन विभाजनांमधल्या काळातलं, केंद्रक म्हणजे मांडलेला तळ आणि मेटाफेज म्हणजे ट्रकवर चढलेलं सामान. गुणसूत्रं इंटरफेजमध्येही विरघळत नाहीत. प्रत्येक गुणसूत्र केंद्रकात आपापला इलाखा धरून बसतं. थिओडोर बोव्हेरी यांनी १९०९ मध्येच ही कल्पना मांडली होती, पण ती बरीच वर्षं बाजूला पडली आणि १९८०च्या दशकात थॉमस आणि क्रिस्टोफ क्रेमर या भावांच्या कामानंतर पुन्हा उचलली गेली. माणसाच्या पेशीतली १८ आणि १९ क्रमांकाची गुणसूत्रं लांबीनं जवळपास सारखीच, पण १९व्यावर जनुकांची गर्दी आणि १८व्यावर तुरळक वस्ती. बहुतेक पेशींत १९वं आतल्या बाजूला सापडतं आणि १८वं केंद्रकाच्या पडद्यालगत. पडद्याजवळची जागा साधारणपणे शांत, मिटलेल्या क्रोमॅटिनची.

उपमा इथपर्यंतच ताणायची. तळावर जागा नेमून देणारी माणसं असतात. केंद्रकात असा कुणी चोपदार नाही. शिवाय पेशी दुभंगल्यावर दोन्ही लेकींमध्ये गुणसूत्रांची मांडणी आईसारखी हुबेहूब येत नाही, साधारण तशी येते.

आता थोडं मोजमाप. डीएनएचा धागा हिस्टोन प्रथिनांच्या आठच्या गठ्ठ्याभोवती गुंडाळला जातो. एका गठ्ठ्याभोवती १४७ बेसजोड्या (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या), पावणेदोन वेढ्यांच्या आसपास. हा मणी म्हणजे न्यूक्लिओसोम. त्याची कल्पना रॉजर कॉर्नबर्ग यांनी १९७४ मध्ये मांडली. माणसाच्या एका पेशीत असा सुमारे दोन मीटर धागा असतो. कांदा त्याबाबतीत आपल्याला मागं टाकतो: त्याच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर दहा-अकरा मीटर भरेल, नऊवारी लुगड्याहूनही लांब, आणि तो मावतो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपासच्या केंद्रकात. एवढा ऐवज असल्यामुळंच कांद्याची गुणसूत्रं इतकी जाडजूड दिसतात आणि प्रॅक्टिकलला कांदा निवडतात.

पहिली स्लाइड: कांद्याचं मूळ

लोणंदच्या बाजारातला कांदा असो की दारावर आलेला, तो जुना, कोरडा आणि घट्ट हवा. बुडाशी असलेली वाळकी मुळं ब्लेडनं खरवडा, पण खालची चकती कापू नका. नवी मुळं तिच्याच कडेनं फुटतात. कांदा काचेच्या ग्लासवर असा ठेवा की फक्त बूड पाण्याला टेकेल. अर्धा कांदा पाण्यात बुडाला की तो मुळं सोडण्याआधी कुजतो. पावसाळ्यात साताऱ्याच्या दमट हवेत माझे बाराच्या बारा कांदे एकदा असे गेले, आणि वास आठवडाभर प्रयोगशाळेत राहिला. पाणी रोज बदला. तीन-चार दिवसांत दोन-अडीच सेंटिमीटर मुळं येतात. घाई असेल तर लसणाच्या पाकळ्या वापरा, मुळं लवकर येतात. लसणाचीही गुणसूत्रं कांद्याइतकीच, १६.

मुळं सकाळी कापावीत. मी साडेआठ ते दहाच्या दरम्यान कापते. त्या वेळेत विभाजनं भरपूर सापडतात असा माझा अनुभव आहे. टोकाकडचा एक सेंटिमीटर पुरे.

इथं एक निर्णय घ्यायचा असतो. अर्धी मुळं तशीच पुढं न्या. उरलेली अर्धी आधी बर्फाच्या पाण्यात घालून फ्रिजमध्ये २४ तास ठेवा, किंवा प्रयोगशाळेत ८-हायड्रॉक्सिक्विनोलीन असेल तर त्याच्या ०.००२ मोलर द्रावणात तीन-चार तास थंडाव्यात ठेवा. यानं गुणसूत्रांना ओढून नेणारे दोर तयार होत नाहीत, पेशी मेटाफेजला अडकतात आणि गुणसूत्रं आखडून सुटी होतात. मोजायला उत्तम. पण अशा मुळांत ॲनाफेज शोधत बसू नका, तो मिळणार नाही. घडीमोडीचा प्रवास सलग बघायचा तर पूर्वप्रक्रिया न केलेलीच मुळं हवीत. बऱ्याच ठिकाणी सगळी मुळं सरसकट त्या द्रावणात टाकतात आणि मग पोरांना टेलोफेज, म्हणजे विभाजनाची शेवटची अवस्था, पुस्तकातून काढावा लागतो.

हेच काम कोल्चिसीनही करतं. पावसाळ्यात आपल्या डोंगरकडांना लाल-पिवळी ज्वाळेसारखी फुलं येणारी कळलावी माहीत असेल. तिच्या कंदात आणि बियांत तेच असतं. ती वेल जीवघेणी विषारी आहे. घरी कंद ठेचून अर्क काढायचं डोक्यातही आणू नका.

मग स्थिरीकरण. तीन भाग ॲब्सोल्यूट अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड, त्याच दिवशी मिसळलेलं. मुळं यात २४ तास. नंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये फ्रिजला ठेवली की महिनाभर तरी वापरता येतात. हे द्रावण आदल्या आठवड्याचं वापरू नका. आमच्याकडं एकदा जुनं मिश्रण वापरलं गेलं आणि क्रोमॅटिनचा नुसता गिचका झाला. त्या वर्षीच्या मुलांना वाटलं इंटरफेज असाच दिसतो.

रंगवण्यासाठी वॉच ग्लासमध्ये नऊ थेंब ॲसिटोकार्मिन किंवा ॲसिटो-ऑर्सिन आणि एक थेंब १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड. मुळं त्यात घालून स्पिरिटच्या दिव्यावर हलकेच गरम करा. वाफ दिसू लागली की बाजूला घ्या, पुन्हा धरा, पुन्हा बाजूला. उकळी आली तर मुळं गेली. आमच्या प्रयोगशाळेतले मामा वॉच ग्लास तळहाताच्या मागच्या बाजूला टेकवून बघायचे: चटका बसला पण हात झटकावासा वाटला नाही, म्हणजे बरोबर. झाकून अर्धा तास ठेवा.

आता स्लाइडवर ४५ टक्के ॲसेटिक ॲसिडचा थेंब आणि त्यात मूळ. सर्वांत गडद टोक, जेमतेम दीड-दोन मिलिमीटर, ब्लेडनं तोडून ठेवा आणि बाकीचं मूळ निर्दयपणे फेका. नवशिके इथंच चुकतात. अख्खा सेंटिमीटर दाबतात आणि लांबलचक म्हाताऱ्या पेशींच्या गर्दीत विभाजन शोधत राहतात. कव्हरस्लिप ठेवा, काडेपेटीच्या काडीच्या लाकडी टोकानं टकटक करा, म्हणजे पेशी सुट्या होतील. मग ब्लॉटिंग पेपरची घडी वर ठेवून अंगठ्यानं सरळ खाली दाबा. अंगठा तसूभरही सरकता कामा नये. सरकला की केंद्रकं धूमकेतूसारखी ओढली जातात.

बघायचं कसं: उलट्या क्रमानं

जर्नलात क्रम असतो इंटरफेज, प्रोफेज, मेटाफेज, ॲनाफेज, टेलोफेज. बघताना मी मुलांना मेटाफेजपासून सुरू करून दोन्ही दिशांनी मागं-पुढं जायला लावते. मेटाफेज सगळ्यांना ओळखता येतो. तो सापडला की त्याच्याहून किंचित सैल पेशी शोधा: दोरे दिसतात पण जाड, एकमेकांत गुंतलेले. हा उशिराचा प्रोफेज. त्याहून सैल: सुताच्या गुंड्यासारखं केंद्रक, कड अजून शाबूत. हा सुरुवातीचा. त्याहून सैल केंद्रक म्हणजे इंटरफेज, पण आता ते ‘काहीच नाही’ असं दिसत नाही. दोऱ्यांचं जाळं उकलत कुठपर्यंत गेलं हे डोळ्यांना कळलेलं असतं.

आता त्या इंटरफेज केंद्रकावर थांबा. फाइन फोकस हळूहळू वर-खाली फिरवा. तीन गोष्टी शोधायच्या.

पहिली, फिकट गोल खिडक्या. एक किंवा त्याहून जास्त. ही केंद्रिका, म्हणजे न्यूक्लिओलस. कार्मिन-ऑर्सिनमध्ये ती रंग घेत नाही, म्हणून भोकासारखी दिसते. रायबोसोमचा कारखाना तो. प्रोफेज पुढं सरकतो तशी ही खिडकी लहान होत नाहीशी होते, आणि टेलोफेजनंतर परत उघडते. दहा-बारा पेशी या क्रमानं लावून बघितल्यात तर केंद्रकाची मांडणी मोडताना आणि पुन्हा बसताना तुम्ही स्वतः पाहिलीत.

दुसरी, गडद ठिपके आणि फिकट भाग. एमिल हाइट्झ यांनी १९२८ मध्ये शेवाळवर्गीय वनस्पतींत पाहिलं की काही भाग विभाजन संपल्यावरही उकलत नाहीत, गडदच राहतात. त्यांना त्यांनी हेटेरोक्रोमॅटिन म्हटलं आणि उकलणाऱ्याला यूक्रोमॅटिन. गडद म्हणजे आवळलेला, बहुतांशी मुका भाग. फिकट म्हणजे उघडा, जिथली जनुकं वाचली जाऊ शकतात. वाचली जातीलच असं नाही. तंबू उघडा आहे म्हणून आत स्वयंपाक चालू असतोच असं थोडंच?

तिसरी गोष्ट बारीक आहे आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटते. टेलोफेजच्या केंद्रकात गुणसूत्रांचे मधले बिंदू, म्हणजे सेंट्रोमिअर, ध्रुवाकडं ओढलेले असतात आणि शेपट्या मागं लोंबत असतात. कांद्यासारख्या मोठ्या गुणसूत्रांच्या पेशींत ही रचना पुढं इंटरफेजमध्येही बरीचशी टिकते: सेंट्रोमिअर एका बाजूला, टोकं दुसऱ्या बाजूला. कार्ल राब्ल यांनी १८८५ मध्ये सॅलॅमँडरच्या पेशी बघून हे ओळखलं होतं, म्हणून याला राब्ल मांडणी म्हणतात. सुरुवातीच्या प्रोफेजमध्ये सगळे दोरे एकाच दिशेला वळलेले दिसले, तर तुम्हाला तीच दिसतेय. गेल्या विभाजनाची ओढ पेशीला पुढच्या विभाजनापर्यंत पुरते याचं मला अजूनही नवल वाटतं.

मोजणी, मोबाइलच्या फोटोवर

मोबाइल आयपीसला धरून फोटो काढा. आधी एक्सपोजर आणि फोकस लॉक करा, नाहीतर कॅमेरा प्रत्येक फोटोला आपल्या मनानं उजेड बदलतो आणि तुलना निरर्थक होते. दिव्याची तीव्रताही सगळ्या फोटोंसाठी एकच.

इमेजजे हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. स्टेज मायक्रोमीटरचा (बारीक मोजपट्टी कोरलेल्या स्लाइडचा) फोटो त्याच लेन्सवर काढून मोजपट्टी ठरवा. फोटो ८-बिट करड्या रंगात बदला, फ्रीहँडनं केंद्रकाभोवती रेघ मारा आणि मोजमाप घ्या: क्षेत्रफळ, सरासरी, प्रमाण विचलन. करड्या छटा उलटवून घ्या, म्हणजे गडद भागाला मोठा आकडा येईल, आणि रिकाम्या जागेची सरासरी वजा करा. विचलनाला सरासरीनं भागलं की केंद्रक किती रवाळ आहे याचा ढोबळ आकडा मिळतो. क्रोमॅटिन एकसारखं पसरलेलं असेल तर हा आकडा लहान, गुठळ्या झाल्या तर मोठा. प्रत्येक गटातली निदान पन्नास केंद्रकं मोजा, आणि फक्त देखणी निवडू नका.

कार्मिनचा गडदपणा डीएनएच्या प्रमाणात असतो असं मात्र समजू नका. डीएनएचं खरं प्रमाण हवं असेल तर फॉयलगेन रंगपद्धत लागते, १९२४ पासून वापरात असलेली. त्यात शिफचं अभिकर्मक फक्त डीएनएलाच रंगवतं. मुळं १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ६० अंशांना आठ-दहा मिनिटं ठेवायची, आणि वेळ काटेकोर पाळायची.

दुसरी स्लाइड: कोंबडीचं रक्त

ही सर्वांत झटपट होते. माणसाच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, पक्ष्यांच्या असतं. चिकनच्या दुकानात जाताना जांभळ्या टोपणाची ईडीटीए नळी घेऊन जा, नाहीतर घरी पोचेपर्यंत रक्ताची गोठून बर्फी झालेली असते. हातमोजे घाला, पक्षी निरोगी होता याची खात्री करा. स्लाइडवर बारीक थेंब, दुसऱ्या स्लाइडच्या कडेनं पातळ पसरवा, हवेत वाळवा. लीशमन रंगाचे आठ-दहा थेंब, दोन मिनिटं. मग त्यावरच दुप्पट बफर पाणी, आठ-दहा मिनिटं, धुवा, उभी करून वाळवा. लीशमनमध्ये मिथेनॉल असतंच, त्यामुळं स्थिरीकरण वेगळं लागत नाही.

लंबगोल गुलाबी पेशी आणि मधोमध गडद जांभळं, आवळलेलं लंबगोल केंद्रक. कांद्याचं इंटरफेज केंद्रक आणि हे शेजारी-शेजारी ठेवून बघा. विभाजन दोन्हीकडं चाललेलं नाही, तरी एक मोकळं आणि दुसरं मुठीसारखं मिटलेलं. कोंबडीच्या तांबड्या पेशीत नेहमीच्या एच-१ हिस्टोनच्या जागी मुख्यतः एच-५ येतो आणि तो क्रोमॅटिन आणखी घट्ट बांधतो. पेशीला आता फक्त प्राणवायू वाहायचाय, जनुकं वाचायची फारशी गरज उरलेली नाही.

त्याच स्लाइडवर चिकाटीनं शोधलंत तर अधूनमधून थोडी गोलसर, निळसर झाक असलेली पेशी दिसेल आणि तिचं केंद्रक जरा मोठं, जरा सैल असेल. ती कोवळी तांबडी पेशी. मिटण्याची क्रिया अर्ध्यावर असताना पकडलेली. तिचा फोटो घ्या आणि मघाचा रवाळपणाचा आकडा दोघींचा काढा.

हे मिटलेलं केंद्रक मेलेलं असतं का? १९६०च्या दशकात हेन्री हॅरिस यांनी कोंबडीच्या तांबड्या पेशी हेला नावाच्या, प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींशी जोडल्या. तिथं ते केंद्रक फुगलं, क्रोमॅटिन सैल झालं आणि आरएनए, म्हणजे जनुकं वाचून निघणारी नक्कल, पुन्हा तयार होऊ लागला. मी ही गोष्ट सांगितली की वर्गात हमखास एखादी मुलगी विचारते, “म्हणजे कुलूप होतं, चावी दुसरीकडं होती?” तेवढं कळलं तरी माझं त्या दिवसाचं काम झालं.

तिसरी स्लाइड: लाल अळी

वेळ एकाच स्लाइडला देता येणार असेल तर हिला द्या. बाकीच्या दोन्हींत तुम्ही क्रोमॅटिनच्या अवस्था बघता. इथं एखाद्या ठरावीक जागेचं उघडणं दिसतं.

सिमेंटचा हौद महिनाभर घासला नसेल, किंवा संगम माहुलीच्या घाटाकडं पाणी संथ झालं की काठचा गाळ ढवळला, तर लालभडक, वळवळणाऱ्या अळ्या सापडतात. नळाच्या टाकीत त्या निघाल्या की गल्लीत बोंबाबोंब होते. या कायरोनोमस माश्यांच्या अळ्या. मोठ्या झाल्या की डासांसारख्या दिसतात, पण चावत नाहीत. लाल रंग हिमोग्लोबिनचा. सव्वा ते दीड सेंटिमीटरची, डोक्यामागचा भाग जाडसर झालेली धष्टपुष्ट अळी निवडा.

स्लाइडवर ०.७ टक्के मिठाच्या पाण्याचा थेंब. हँडलेन्स किंवा डिसेक्टिंग मायक्रोस्कोपखाली एक सुई डोक्यावर, दुसरी तीन-चार खंड मागं. डोकं हळूच ओढा. आतडं बाहेर येतं, चरबीचे पांढरे तुकडे येतात, आणि त्यांच्यालगत काचेसारख्या पारदर्शक दोन छोट्या पिशव्या. याच लाळग्रंथी. पहिल्या पाच-सहा अळ्या वाया जाणार हे धरूनच चाला. चरबी सुईनं बाजूला करा, पाणी ब्लॉटिंगनं टिपा, ४५ टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये एक मिनिट, मग लॅक्टो-ॲसिटो-ऑर्सिनमध्ये पंधरा-वीस मिनिटं.

दोन ग्रंथींना वेगळी वागणूक द्या. एक अगदी हलक्या हातानं कव्हरस्लिप ठेवून न दाबता बघा: प्रचंड केंद्रकं आणि त्यांच्यात गुंडाळी करून बसलेले आडव्या पट्ट्यांचे जाड दोर, म्हणजे मूळची मांडणी जागच्या जागी. दुसरी दाबून दोर पसरवा. साधारणपणे चार दिसतात, तीन लांब आणि एक आखूड. जात वेगळी असेल तर संख्या बदलते. एडुआर्ड बाल्बियानी यांनी १८८१ मध्ये हे पहिल्यांदा वर्णन केलं. डीएनएच्या हजारो प्रती न सुटता एकमेकींना चिकटून राहिल्यामुळं हा दोर इतका जाड होतो. गडद पट्टे म्हणजे आवळलेलं क्रोमॅटिन, मधल्या फिकट पट्ट्या म्हणजे मोकळं.

आता दोरावर फुगवटे शोधा. कडा धूसर, रंग फिका, कापसाच्या बोळ्यासारखे. हे पफ. तिथला पट्टा उकललाय आणि जनुक जोरात वाचलं जातंय. आखूड गुणसूत्रावर बहुधा सर्वांत मोठे दिसतात, त्यांना बाल्बियानी वलयं म्हणतात. अळी चिखलाची नळी करून राहते आणि ती चिकटवायला लाळेतून रेशमासारखा धागा काढते. त्या धाग्याच्या अजस्र प्रथिनांची जनुकं याच वलयांत असतात. हौदाच्या तळाशी दिसणारी मातीची नळी आणि लेन्सखालचा हा फुगवटा यांचं नातं लक्षात आलं, की मी स्वतः दर वर्षी दोन मिनिटं गप्प होते.

१९५२ मध्ये वोल्फगांग बीअरमान यांनी दाखवलं, की त्याच गुणसूत्रावर वेगवेगळ्या ऊतींत वेगवेगळे पफ असतात. १९६० मध्ये क्लेव्हर आणि कार्लसन यांनी अळीला कात टाकायला लावणारं एक्डायसोन संप्रेरक टोचलं आणि पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासात नेमक्या जागी नवे पफ उठले. १९६२चं फेरुचियो रितोसा यांचं काम तर चुकीतून निघालं. कुणीतरी इन्क्युबेटरचं तापमान वाढवून ठेवलं आणि फळमाशीच्या गुणसूत्रांवर त्यांना कधी न पाहिलेले पफ दिसले. उष्णताघाताच्या प्रथिनांचा शोध तिथून सुरू झाला. आपल्याकडं बनारस हिंदू विद्यापीठात सुभाष लखोटिया यांच्या प्रयोगशाळेनं याच पफांवर अनेक दशकं काम केलंय.

तुम्ही रितोसांचाच प्रयोग करून बघू शकता. दहा अळ्या खोलीच्या तापमानाच्या पाण्यात, दहा ३७ अंशांच्या आसपासच्या पाण्यात अर्धा-पाऊण तास. पाणी हौदाचंच घ्या, म्हणजे बदल फक्त उष्णतेचा राहील. मग एकाच दिवशी, एकाच रंगाच्या बाटलीतून दोन्ही गटांच्या स्लाइडी करा आणि कोणती कोणाची हे मैत्रिणीला चिठ्ठी चिकटवून झाकायला सांगा. पफची रुंदी भागिले शेजारच्या न फुगलेल्या पट्ट्याची रुंदी, हे गुणोत्तर घ्या. नुसती रुंदी घेतली तर कमी-जास्त दाबलेल्या स्लाइडी तुम्हाला फसवतील. उन्हाळ्यात हा प्रयोग टाळा. मे महिन्यात उघड्या हौदातलं पाणी दुपारी आधीच तापलेलं असतं, मग तुलना कशाशी करणार? मी तो डिसेंबर-जानेवारीत ठेवते.

एक स्लाइड मी करत नाही

गालाच्या आतल्या पेशी खरवडून बार बॉडी दाखवायची जुनी पद्धत आहे. मरे बार आणि इवर्ट बर्ट्रम यांनी १९४९ मध्ये मांजरीच्या चेतापेशींत पाहिलेला केंद्रकाच्या कडेचा गडद ठिपका. दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक अख्खंच्या अख्खं मिटवून ठेवलेलं असतं, हे मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडलं. गुणसूत्र मिटण्याचं यापेक्षा ढळढळीत उदाहरण नाही. पण वर्गात मुलामुलींच्या स्वतःच्या पेशींवर मी हे करत नाही. ज्यांच्या गुणसूत्रांची संख्या नेहमीपेक्षा वेगळी आहे, अशा कुणाला ते पहिल्यांदा चाळीस जणांसमोर कळावं, ही काही प्रॅक्टिकलची जागा नव्हे. तयार स्लाइड विकत मिळते, तीच दाखवा.

लेन्सच्या पलीकडचं

आपला मायक्रोस्कोप ०.२ मायक्रोमीटरच्या खाली दोन ठिपके वेगळे दाखवू शकत नाही. न्यूक्लिओसोमचा मणी साधारण ११ नॅनोमीटरचा, म्हणजे त्याच्या खूपच खाली. पाठ्यपुस्तकात मण्यांची माळ वळून ३० नॅनोमीटरचा सुबक दोर होतो असं चित्र असतं. परीक्षेत काढा, पण त्यावर फार विसंबू नका. २०१७ मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपनं पेशीच्या आतच पाहिलं तेव्हा ५ ते २४ नॅनोमीटरच्या वेड्यावाकड्या साखळ्या दिसल्या. घट्ट भागात त्या दाटीनं, मोकळ्या भागात विरळ.

कोणता भाग कोणाच्या शेजारी बसतो हे डोळ्यांनी बघण्याऐवजी हाय-सी नावाच्या पद्धतीनं २००९ पासून कळू लागलं: शेजारी आलेले धागे रसायनानं चिकटवायचे, कापायचे, जोडायचे आणि वाचायचे. त्यातून उघड्या आणि मिटलेल्या क्रोमॅटिनच्या वेगळ्या वस्त्या दिसल्या. धागा कोहेसिन नावाच्या कड्यातून ओवला जाऊन त्याचे फास पडतात आणि सीटीसीएफ हे प्रथिन जिथं बसलेलं असेल तिथं बहुधा ते ओवणं थांबतं, हेही पुढच्या काही वर्षांत स्पष्ट झालं. विभाजनाच्या वेळी हे फास मोडतात आणि कोहेसिनचंच भावंड असलेलं कंडेन्सिन वळकटीचे नवे फास घालतं. स्लाइडवर तुम्ही प्रोफेज बघता तेव्हा आत ही अदलाबदल चाललेली असते.

स्लाइडी त्याच दिवशी फेकू नका. कव्हरस्लिपच्या कडांना पारदर्शक नेलपॉलिश लावा, आडवी ठेवून फ्रिजमध्ये टाका. कार्मिनची आठवडाभर टिकते, लॅक्टो-ऑर्सिनची त्याहून जास्त. ऑर्सिन दुसऱ्या दिवशी आणखी गडद झालेलं असतं, त्यामुळं पट्टे मोजायचं काम मी मुद्दाम दुसऱ्या दिवसावर ठेवते. आणि जर्नलात पहिली आकृती इंटरफेजची काढून घेते, केंद्रिकेच्या खिडक्यांसकट, निदान अर्ध्या पानाची. ती आणल्याशिवाय मेटाफेजवर सही मिळत नाही.